फुप्फुसातली रक्तवाहिनी बंद कशी करतात? दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेतली एक नाजूक पायरी

करी रोडला येऊन फुप्फुसावर बोलायचं म्हणजे जरा जबाबदारीचंच काम आहे. इथल्या किती घरांत कुणाचे आजोबा, कुणाचे मामा गिरणीत होते, आणि त्यातल्या कितीजणांनी खोकल्यासाठी केईएमची पायरी चढली होती, हे तुम्ही आम्हाला सांगायचं. केईएम आणि टाटा इथून चालत जाण्याच्या अंतरावर. शिवडीचं टीबी हॉस्पिटल त्यापुढे. छातीच्या आजारांशी या वस्तीची ओळख जुनी आहे.

आज विषय एकच घेतलाय, आणि तो मुद्दाम अरुंद ठेवलाय. घरच्या माणसाच्या फुप्फुसात गाठ निघते, डॉक्टर म्हणतात, "फुप्फुसाचा हा भाग काढावा लागेल, दुर्बिणीतून करू." मग आपण काय विचारतो? टाके किती, घरी कधी सोडणार, खर्च किती. विचारायलाच हवं. पण शस्त्रक्रिया करणाऱ्यांची झोप ज्या गोष्टीनं उडते, ती कुणीच विचारत नाही: आतली रक्तवाहिनी बंद कशी करणार? आणि ती बंद राहिली नाही तर?

आधी जागा समजून घेऊ. उजव्या फुप्फुसाचे तीन खंड, डाव्याचे दोन. गाठ एका खंडात असेल तर तो आख्खा खंड काढतात. झाडाची फांदी तोडावी तसं हे नाही. त्या खंडाकडे जाणाऱ्या धमन्या, त्याच्याकडून परत येणाऱ्या शिरा आणि त्याची श्वासनलिका, अशा तीन गोष्टी वेगवेगळ्या मोकळ्या करायच्या, एकेक बंद करायची, मग कापायची.

शाळेत आपण पाठ केलं होतं की धमनीत शुद्ध रक्त आणि शिरेत अशुद्ध. फुप्फुसात ते उलटं असतं, हेही पाठ केलं होतं. पण शाळेत न सांगितलेली गोष्ट दाबाची. दंडावर पट्टा बांधून मोजतो ते बीपी १२०-८०. फुप्फुसाच्या धमनीत तोच आकडा साधारण २५-१० असतो. आणि तरीही हृदयातून मिनिटाला निघणारं पाच लिटर रक्त सगळंच्या सगळं या धमनीतून जातं. प्रवाह सगळा, दाब थोडा. चाळीच्या गच्चीवरच्या टाकीतून जाड पाइपानं पाणी खाली यावं तसं.

दाब कमी म्हणून भिंतही पातळ. हाताची धमनी बोटात धरली तर रबरी नळीसारखी लागते. फुप्फुसाची धमनी ओल्या कागदासारखी. चिमट्यानं चुकीच्या जागी धरली, थोडी जास्त ओढली, तरी फाटते. हे दोन्ही मुद्दे लक्षात ठेवा, कमी दाब आणि पातळ भिंत. पुढे एक आपल्या बाजूनं येणार आहे आणि एक विरुद्ध.

पूर्वी काय करत होते? फुप्फुसाच्या कॅन्सरसाठी एका बैठकीत आख्खं फुप्फुस यशस्वीपणे काढलं ते अमेरिकेतल्या सेंट लुईसमध्ये डॉ. एव्हार्ट्‌स ग्रॅहम यांनी, ५ एप्रिल १९३३ रोजी. रुग्ण स्वतः डॉक्टर होता. ग्रॅहमनी फुप्फुसाचं देठ, म्हणजे धमनी, शिरा, श्वासनलिका सगळं मिळून, एकत्र आवळून बांधलं. मोळी बांधावी तसं. तो रुग्ण पुढे जवळजवळ तीस वर्षं जगला. ग्रॅहम स्वतः १९५७ साली फुप्फुसाच्याच कॅन्सरनं गेले. मोळी बांधण्याची पद्धत लवकरच मागे पडली आणि प्रत्येक वाहिनी वेगळी बांधायची रीत आली. रेशमाचा दोरा, दोन गाठी, मध्ये कात्री. हे आजही चालतं. दोऱ्याची गाठ हा आम्हा लोकांचा सगळ्यात जुना आणि सगळ्यात स्वस्त मित्र आहे. सूत तुटलं की चालत्या यंत्रावर ते जोडणारे हात याच वस्तीत होते, त्यांना गाठीचं महत्त्व वेगळं सांगायला नको.

पण गाठ मारायला दोन हात आत जावे लागतात. हात आत जायला छाती उघडावी लागते, बरगड्या फाकवाव्या लागतात, आणि रुग्णाला खरा त्रास होतो तो त्या फाकवण्याचा. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत बरगड्या फाकवत नाहीत. दोन-तीन छोटे छेद, किंवा एकच तीन-चार सेंटिमीटरचा. त्या बाजूच्या फुप्फुसाला भूलतज्ज्ञ श्वास देणं थांबवतात, ते मिटून बसतं आणि आत काम करायला जागा होते. इटलीत डॉ. रोव्हियारो यांनी १९९१ साली अशा पद्धतीनं खंड काढला, १९९२ मध्ये तो प्रसिद्ध झाला. आपल्याकडे मुंबईत जेजेमध्ये डॉ. तेहमटन उदवाडियांनी १९९० साली पित्ताशय दुर्बिणीतून काढलं होतं, म्हणजे हवा त्याच काळातली. फायदा किती? ब्रिटनमध्ये ५०३ रुग्णांवर नीट तुलना झाली. निम्म्यांची छाती उघडून, निम्म्यांची दुर्बिणीतून. पाच आठवड्यांनी दुर्बिणीवाले चालण्या-फिरण्यात, रोजच्या कामात पुढे होते आणि गुंतागुंतीही त्यांच्यात कमी झाल्या. हातावर पोट असलेल्या माणसाला पाच आठवडे म्हणजे काय, ते वेगळं सांगत नाही.

तर हात आत जात नाहीत, मग गाठीच्या जागी काय? मुख्यतः दोन गोष्टी: स्टेपलर आणि उष्णता. चिमट्यासारख्या क्लिपाही असतात, लहान फांदीला उपयोगी पडतात, पण काम करताना त्या घसरू शकतात, म्हणून मोठ्या वाहिनीला एकट्या क्लिपेवर आम्ही विसंबत नाही.

स्टेपलर म्हणजे ऑफिसात कागद टाचतो तेच तत्त्व. बुडापेस्टच्या डॉ. ह्युल्टल यांनी १९०८ साली पोटाच्या शस्त्रक्रियेसाठी पहिला बनवला. वजन साडेतीन किलोच्या आसपास, आणि तो जोडायला वेळ लागायचा तो वेगळाच. पुढे रशियनांनी त्याला हाताळण्याजोगं केलं. १९५८ साली अमेरिकेचे डॉ. रॅव्हिच सोव्हिएत युनियनला गेले होते, त्यांनी कीव्हमध्ये श्वासनलिका स्टेपलरनं बंद करताना पाहिली, आणि परत जाताना एक यंत्र सोबत नेलं. पुढची कंपन्यांची सगळी शर्यत तिथून सुरू झाली. आज स्टेपलरची लांब चोच छेदातून आत जाते, वाहिनी दोन जबड्यांत धरते, टायटॅनियमच्या पिनांच्या दोन-तीन रांगा या बाजूला, तेवढ्याच त्या बाजूला, आणि मधून पातं फिरतं. पिन मिटून इंग्रजी 'बी' अक्षरासारखी होते. पातळ वाहिनीला आखूड पिन, जाड श्वासनलिकेला लांब, म्हणून कार्ट्रिजांचे रंग वेगळे असतात. चुकीचा रंग लावला तर पिना सैल तरी बसतात नाहीतर नीट मिटत नाहीत.

स्टेपलर चांगला, यात शंका नाही. मोठ्या धमनीला आणि शिरेला आजही तोच. अडचण आहे लहान फांद्यांची. त्याची चोच जाड, तिचा खालचा जबडा वाहिनीच्या मागून पूर्ण पार जायला हवा. डाव्या बाजूच्या वरच्या खंडाला धमनीच्या फांद्या तीन असतील, पाच असतील, सात असतील, आणि जवळजवळ प्रत्येक माणसात त्यांची मांडणी वेगळी. एखादी फांदी चार-पाच मिलिमीटर जाड आणि बाहेर दिसते तेवढी जेमतेम सेंटिमीटरभर. तिच्यामागून जाड जबडा घालताना फांदी मुळापासून, म्हणजे मुख्य धमनीवरून, फाटू शकते. धोका टाचण्यात कमी, तिथवर पोचण्यात जास्त.

म्हणून उष्णता. विजेनं रक्त थांबवायची कल्पना जुनी. बोस्टनमध्ये १ ऑक्टोबर १९२६ रोजी डॉ. कुशिंग यांनी बोव्ही यांचं यंत्र शस्त्रक्रियेत वापरलं. केईएम सुरू झालं तेही १९२६ सालीच, हे आपलं जाता जाता. पण ती साधी कॉटरी जाळते, आणि जळलेली खपली उद्या सुटू शकते. बारीक केशवाहिनीला ठीक, फुप्फुसाच्या धमनीला नाही.

आता जरा उठून लालबागच्या चिवडा गल्लीत जाऊ. दुकानदार चिवडा प्लॅस्टिकच्या पिशवीत भरतो आणि पिशवीचं तोंड छोट्या सीलिंगच्या यंत्रात दाबतो. प्लॅस्टिकचे दोन थर विरघळून एक होतात. नीट पाहा, तिथे तीन गोष्टी लागतात: उष्णता, दाब आणि वेळ. उष्णता जास्त झाली तर पिशवी जळून भोक पडतं. हात लवकर उचलला तर तोंड सुटतं. आणि तिसरी गंमत म्हणजे, कडेला चिवड्याचा एक कण अडकला असेल तर सील वरून छान दिसतं, पण हवा जाते आणि चिवडा चार दिवसांत मऊ पडतो.

नवीन सीलिंगची उपकरणं हेच करतात. रक्तवाहिनीच्या भिंतीत कोलॅजन नावाचं प्रथिन असतं. वाहिनी जबड्यात घट्ट दाबली की समोरासमोरच्या भिंती एकमेकींना टेकतात, आतलं रक्त बाजूला सरतं. मग उष्णतेनं कोलॅजनची वीण उलगडते, आणि दोन्ही भिंतींचं कोलॅजन गार होताना एकत्र बसतं. एका प्रकारात ही उष्णता विजेची असते. यंत्र सतत ऊतीचा विद्युत-रोध मोजतं आणि काम झालं की आवाज देऊन थांबतं. दुसऱ्या प्रकारात पातं सेकंदाला सुमारे ५५,५०० वेळा कंप पावतं आणि घर्षणानं ऊब तयार होते. साध्या कॉटरीपेक्षा तापमान कमी, जळणं कमी. दोन्हींची चोच बारीक, पाच मिलिमीटरच्या आसपास, त्यामुळे जिथे स्टेपलर वळत नाही तिथे ही जाते. यांपैकी काही उपकरणं ७ मिलिमीटरपर्यंतच्या वाहिनीसाठी मान्य आहेत. फुप्फुसाच्या धमनीच्या फांद्यांवर त्यांची मुद्दाम तपासणी माँट्रियलमध्ये डॉ. लिबरमन यांच्या गटानं केली, आधी प्राण्यांवर, मग रुग्णांवर.

मघाचा दाबाचा मुद्दा आता उपयोगी पडतो. सील किती दाबाला फुटतं, हे प्रयोगशाळेत मोजतात. फुप्फुसाच्या धमनीची भिंत पातळ, तिच्यात कोलॅजनही बेताचं, म्हणून तिचं सील हातापायाच्या धमनीच्या सीलइतकं दणकट होत नाही. पण तिला पेलायचा दाबही २५चाच. शिल्लक भरपूर राहते. अट एवढीच, की सील नीट व्हायला हवं. वाहिनी ताणलेली असताना सील करायचं नाही, सैल सोडून करायचं, नाहीतर कापल्या क्षणी टोक ओढलं जाऊन उघडतं. चोचीवर जळका थर बसला असेल तर पुसून घ्यायची. कापायच्या आधी मुख्य धमनीच्या बाजूला एक जादा सील द्यायचं, न कापता. ऊब बाजूला एक-दोन मिलिमीटर पसरतेच, तेव्हा मुख्य धमनीला अगदी चिकटून करायचं नाही, थोडं देठ ठेवायचं. आणि कंपनाचं पातं काम झाल्यावरही काही सेकंद तापलेलं असतं, ते चुकून धमनीला टेकवायचं नाही. आमच्याकडे शिकायला येणाऱ्या मुलांना हे शेवटचं वाक्य आम्ही सगळ्यात जास्त वेळा ऐकवतो.

आता चिवड्याचा कण. इथे आपण करी रोडला परत येतो.

दहा बाय दहाच्या खोलीत आठ-दहा माणसं, पाळीपाळीनं झोपणारी. गिरणगावात टीबी का पसरला हे कुणाला समजवायला नको. कापसाच्या धुळीचा आजार वेगळा, तो श्वासनलिकांचा. सुट्टीनंतर कामावर गेलं की छाती आवळायची तो. रक्तवाहिनीशी भांडण असतं ते टीबीचं. टीबी बरा होतो, पण जाताना फुप्फुसाच्या मुळाशी असलेल्या लसिकाग्रंथी कडक करून जातो. त्यांत चुना साचतो. चुलीच्या आणि शहराच्या धुराची काजळी साचून ग्रंथी काळ्या आणि घट्ट होतात ते वेगळंच. या ग्रंथी बसतात नेमक्या धमनीच्या फांद्या फुटतात त्या बेचक्यात, आणि भिंतीला अशा चिकटतात की धमनी कुठे संपते आणि ग्रंथी कुठे सुरू होते, हे पडद्यावर दहापट मोठं करूनही कळत नाही. टीबीला वरचा खंड आवडतो. आणि फांद्यांचा सगळ्यात मोठा गोंधळ डाव्या वरच्या खंडात, हे मघाशी म्हटलंच.

अशा जागी सील दिलं तर जबड्यात भिंत आणि चुन्याचा खडा दोन्ही येतात. दाब सारखा पडत नाही, ऊब सारखी पोचत नाही. यंत्र मात्र आवाज देतं, झालं म्हणून. स्टेपलरचंही तेच, पिन खड्यावर वाकडी मिटते. परदेशी पुस्तकांतली चित्रं पाहून शिकलेल्या माणसाला हे मुंबईत आल्यावर कळतं. चित्रातली धमनी गुलाबी, मोकळी, चारी बाजूंनी दिसणारी असते.

मग करायचं काय? पहिलं, आधी माहीत असायला हवं. सीटी स्कॅनमध्ये चुना पांढरा दिसतो, पण चिकटलंय किती ते सगळं दिसत नाही. म्हणून, मंडळी, लहानपणी टीबीचा कोर्स झाला होता, वडिलांना झाला होता तेव्हा आम्ही त्याच खोलीत होतो, हे डॉक्टरांना सांगा. पुष्कळ लोक लाजून सांगत नाहीत. चाळीस वर्षांपूर्वीची गोष्ट, आता काय, म्हणतात. शस्त्रक्रियेसाठी ती आजची गोष्ट असते.

दुसरं, चिकटलेल्या फांदीला हात लावायच्या आधी मुख्य धमनीभोवती एक फीत घालून ठेवायची. मेन कॉक हातात ठेवून मग नळ उघडायचा. वेळ जातो, पण फांदी फाटली तर फीत ओढून प्रवाह थांबवता येतो.

आणि फाटलीच तर? पडदा लाल होतो, काही दिसत नाही. नवख्याचा हात लगेच चिमटा घेऊन झडप घालतो आणि एक भोक होतं तिथे तीन करतो. बरोबर काय, तर काठीच्या टोकावर गुंडाळलेला गॉझ तिथे ठेवायचा आणि दाबून धरायचा. घड्याळ लावून पाच मिनिटं, काहीही न करता. दाब २५चा आहे, गॉझखाली रक्त थांबतं. तेवढ्यात भूलतज्ज्ञ रक्ताच्या पिशव्या मागवतात, सिस्टर मोठ्या शस्त्रक्रियेचा ट्रे उघडतात. मग हळूच गॉझ उचलून बघायचं. बऱ्याचदा लहान भोक तेवढ्यानंच बंद झालेलं असतं. नसेल तर टाका घालायचा, दुर्बिणीतून जमत असेल तर दुर्बिणीतून, नसेल तर छाती उघडून.

इथे आमचं मत स्पष्ट आहे. दुर्बिणीतून सुरू करून छाती उघडावी लागली, तर नातेवाइकांना वाटतं काहीतरी बिघडलं. कधी कधी सर्जनलाही तसंच वाटतं, आणि तो भीतीपोटी उघडायला उशीर करतो. हा उशीर जीवघेणा. ग्रंथी धमनीला घट्ट चिकटल्यात हे दिसल्यावर रक्त यायच्या आधीच छाती उघडणाऱ्या सर्जनवर आमचा जास्त विश्वास बसतो. तेव्हा सही करायच्या आधी विचारा: उघडायची वेळ आली तर कोण ठरवणार? तुमच्याकडे अशी वेळ किती वेळा येते? जो म्हणेल "कधीच नाही", त्याला आणखी दोन प्रश्न विचारा.

पैशांचं थोडक्यात. बिलात 'कन्झ्युमेबल्स' म्हणून जी रक्कम दिसते, तिच्यात मोठा वाटा स्टेपलरच्या कार्ट्रिजांचा असतो. प्रत्येक कार्ट्रिज एकदाच चालतं, आणि एका खंडाला सहा-आठ सहज लागतात. सीलिंगचं उपकरण एकच, सगळ्या लहान फांद्यांना पुरतं. म्हणून मोठ्या वाहिन्यांना दोन-तीन कार्ट्रिजं, लहान फांद्यांना सीलिंग, आणि जमेल तिथे लांब साधनानं आत सरकवलेली दोऱ्याची गाठ, अशी मिसळ सार्वजनिक रुग्णालयात शहाणपणाची ठरते. महात्मा जोतिराव फुले योजनेसारख्या ठिकाणी रक्कम ठरलेली असते, धमनीला फांद्या किती निघाल्या हे तिला कळत नाही. फक्त कार्ट्रिज वाचवायला म्हणून जाड धमनीवर सील द्यायचं नाही. ७ मिलिमीटर ही वरची हद्द आहे, आणि चिकटलेल्या जागी आम्ही त्याच्याही बरंच खाली थांबतो.

आता श्रोत्यांचे प्रश्न. पहिला प्रश्न आला आहे, की उष्णतेनं बंद केलेली वाहिनी घरी गेल्यावर उघडू शकते का. फार क्वचित, आणि झालंच तर बहुधा पहिल्या एक-दोन दिवसांत. छातीत नळी ठेवतात ती हवा आणि पाणी बाहेर काढायला, पण तिच्यातून लाल किती येतं याकडे सिस्टर दर तासाला बघतात ते याच्यासाठी. पुढे त्या टोकावर शरीर स्वतःची गाठ आणि व्रणाची ऊती बसवतं, मग सीलवर काही अवलंबून राहत नाही. खोकायला घाबरू नका, खोकल्यानं सील सुटत नाही. उलट न खोकणाऱ्याला न्यूमोनिया होतो.

दुसरा प्रश्न, रोबोटनं हे सोपं होतं का. हात स्थिर राहतो, चोच मनगटासारखी वळते, टाका घालायला सोपं जातं. पण चुन्याचा खडा रोबोटलाही खडाच.

आणि मागच्या रांगेतल्या आजींचा प्रश्न, की या पिना आत राहतात, मग विमानतळावर वाजतात का, एमआरआय करता येतो का. आजी, टायटॅनियमच्या आहेत, इवल्याशा आहेत, सहसा वाजत नाहीत. एमआरआयलाही सहसा अडचण येत नाही, पण करण्याआधी तिथल्या माणसाला सांगायचं, आणि डिस्चार्जचा कागद सोबत न्यायचा. तो कागद रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवा, म्हणजे हरवणार नाही.